पात्यावरील अक्षरे

बदलीच्या नोकरीत असलेल्या माणसाने कोणता छंद बाळगावा, याचे एक साधे गणित आहे. पुस्तकांचा छंद जड पडतो, झाडांचा छंद मागे राहतो आणि गाण्याचा छंद शेजाऱ्यांच्या मर्जीवर चालतो. उरतात त्या लहान, टिकाऊ आणि एका पेटीत मावणाऱ्या वस्तू. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी. मी पाती जमवतो. केंद्र सरकारच्या सेवेत कारकून म्हणून लागल्याला मला अकरा वर्षे झाली; या अवधीत तीन शहरे झाली आणि प्रत्येक बदलीत सामानाच्या यादीत शेवटची नोंद एका पत्र्याच्या पेटीची असते. तीत सध्या एकतीस नग आहेत. माझी पत्नी त्या पेटीला 'शस्त्रागार' म्हणते. परंतु वस्तुस्थिती इतकी भयंकर नाही. त्या एकतिसांत नऊ अडकित्ते आहेत, सहा पेन्सिलीचे चाकू आहेत, एक न्हाव्याचा वस्तरा आहे, आणि जे काही उरते त्यातील एकही पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद नाही. हे माप मी उगाच सांगत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत तलवारी, खंजीर, सुऱ्या यांच्या वर्गाला हेच माप लावलेले आहे, आणि घरगुती, शेतीच्या व कारागिरीच्या हत्यारांना त्यातून वगळलेले आहे. कारकुनाचा छंद नियमात बसणारा असावा, एवढी शिस्त आम्ही सांभाळतो.

पात्यांचे वेड ऐकून लोक किंचित मागे सरकतात, हा माझा नित्याचा अनुभव आहे. वस्तुतः आपल्या भाषेत आणि आपल्या घरांत पात्यांचे केवढे कुटुंब नांदत आले! विळी, विळा, कोयता, सुरी, चाकू, कातर, अडकित्ता ही त्यातील प्रापंचिक मंडळी. कट्यार, खंजीर, बिचवा, जंबिया, पेशकब्ज ही करारी मंडळी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी अडकित्त्यांचे दालन पाहिले असेल त्यांना ठाऊकच असेल की, सुपारी कातरण्याच्या दोन पात्यांवर आपल्या कारागिरांनी घोडे, मोर, राघू आणि माणसे यांची केवढी सृष्टी उभी केली आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून हा संसार जमवला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. संग्रहाच्या मुळाशी पुष्कळदा वस्तूंच्या हौसेहून निराळेच काही असते, हे मला त्या वास्तूत प्रथम जाणवले.

रायपूरला माझी बदली झाली तेव्हा अनेकांनी सहानुभूती व्यक्त केली. ती अनाठायी होती. लोखंडाच्या प्रेमिकाने याहून चांगले गाव कोठे शोधावे? भिलाईचा पोलाद कारखाना येथून जवळच आहे. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले, आणि त्याला खनिज पुरवले ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांनी. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशातील अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत आले. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर, म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नी, ही त्यांची दैवते. आजही येथील आठवडी बाजारात लोहाराने ठोकलेला हंसिया किंवा टंगिया हातात घेतला की त्यावर घणाचे वळ स्पष्ट दिसतात. शहरात महंत घासीदासांचे संग्रहालय आहे. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी ते १८७५ साली स्थापिले. आजची इमारत १९५३ सालची. कार्यालयाला सुटी आणि घरात पाहुणे असा योग आला की माझी पावले आपोआप तिकडे वळतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, येथील मराठी घरांत मात्र लोखंडाचे एक निराळेच वारे शिरले. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये सदबीच्या लिलावात निघाली आणि एप्रिल अखेरीस महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांस मिळवली. १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली. तिचे पाते युरोपात घडलेले, सरळ, एकधारी; आपले पूर्वज त्याला 'फिरंग' म्हणत; आणि त्यावर देवनागरीत रघूजींचे नाव व शाहू महाराजांनी दिलेली 'सेनासाहेबसुभा' ही पदवी. ही वार्ता महाराष्ट्रात अभिमानाची झाली; छत्तीसगडात ती घरची झाली. कारण येथे मराठे आले तेच रघूजींचे म्हणून. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची फौज रतनपुरावर आली आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार केला. रतनपुरच्या रामटेकडीवरील मंदिर त्यांचेच, आणि दसऱ्याला एकमेकांस सोने म्हणून पाने देण्याची येथील चालही त्यांनीच पाडली असे या बाजूस सांगतात. साहजिकच, लंडनच्या बातमीनंतर दोन-तीन पिढ्या येथे राहिलेल्या कित्येक घरांत माळ्यावरच्या पेट्या खाली उतरू लागल्या. प्रत्येकाच्या मनात एक अस्पष्ट आशा होती. आपल्याही घरात काही असेल! माझा छंद ठाऊक असलेल्या एक-दोघांनी मला बोलावून गंजलेली कोयती दाखवली. मी ती आदराने पाहिली आणि चहा घेऊन परत आलो.

याच सुमारास शहरातील एका सभागृहात नाणी, तिकिटे आणि जुन्या वस्तू यांचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरले. अशी प्रदर्शने देशभर भरतात आणि सगळीकडे ती सारखीच असतात. निळ्या कापडाची मेजे, काचेखाली नाणी, आगपेट्यांची चित्रे, एका टोकाला चहा, आणि प्रत्येक मेजामागे आपल्या अपत्यांकडे पाहणाऱ्या पालकाच्या नजरेने बसलेला एक गृहस्थ. यंदा एका कोपऱ्यात चार मेजे पातेवाल्यांना मिळाली होती. परदेशांत हा कोपराच मुख्य सभागृह होऊन बसतो. अमेरिकेत अटलांटा येथे दर जूनमध्ये हाताने घडवलेल्या चाकूंचा प्रचंड मेळा भरतो. जपानात सेकी नावाचे गाव तलवारींपासून सुऱ्यांपर्यंतच्या परंपरेचा उत्सव करते. तिकडच्या घडवणाऱ्यांचा एक किस्सा मला फार आवडतो. १९७३ साली विल्यम मोरान या लोहाराने अशाच एका मेळ्यात थरांच्या पोलादाचे नक्षीदार चाकू मांडले. ती विद्या तिकडे जवळजवळ विसरली गेली होती. मोरानने ती गुपित न ठेवता कृती छापून वाटली. पुढे तीन वर्षांनी तेथील लोहारांची संघटना उभी राहिली, आणि तिने परीक्षाही ठरवली. उमेदवाराच्या चाकूने टांगता दोर एका घावात तुटला पाहिजे, लाकडाची फळी तोडल्यावर त्याच धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि मग शेगड्यात धरून पाते नव्वद अंश वाकवले असता ते मोडता कामा नये. आमच्या विभागीय परीक्षा याच्या मानाने फारच दयाळू आहेत.

आमच्या चार मेजांवर दोराची परीक्षा नव्हती. तथापि शिष्टाचार तोच होता. या कोपऱ्याचे काही अलिखित नियम आहेत आणि नवागताने ते जाणून घ्यावेत. विचारल्यावाचून वस्तूस हात लावू नये. मूठ धरावी, पात्यास बोट लावू नये, कारण घामाचा ठसा दोन दिवसांत गंज होऊन उमटतो. दुसऱ्याच्या हाती देताना मूठ त्याच्याकडे करावी. आमच्यातील जुनी मंडळी तर सुरी हातातून हातात देतच नाहीत. मेजावर ठेवतात आणि समोरचा उचलतो, नाहीतर भांडण होते म्हणतात. भेट म्हणून पाते द्यायचे झाले तर घेणाऱ्याने एक नाणे द्यावे, ही चाल विलायतेतही आहे. धारदार वस्तूंविषयी माणसाची भीती सर्व देशांत सारखीच दिसते.

पहिल्या मेजावर भिलाईचा एक तरुण यंत्रज्ञ होता. त्याने मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यांतून घरच्या अंगणात चाकू घडवले होते. पोलाद तापवताना तो जवळ एक लोहचुंबक ठेवतो. साधारण ७७० अंशांच्या पुढे पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, मग आणखी थोडे तापवून ते तेलात बुडवायचे. एवढ्याने पाते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास दोन तास मंद तापवायचे. पृष्ठभागावर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग चढला की समजावे, आता ते वाकेल पण मोडणार नाही. "साहेब, कडक करना आसान है, नरम करना सीखना पड़ता है," तो म्हणाला. मी ते वाक्य आमच्या एका अधिकाऱ्यांना सांगावे असे मनात आणले आणि सोडून दिले. दुसऱ्या मेजावर रामपुरी चाकू होते, सर्व नियमात बसणाऱ्या मापाचे. रामपूर शहराने २०२३ साली एका चौकात वीस फुटांचा चाकू उभा केला, हे त्यांचा मालक प्रत्येकास अभिमानाने सांगत होता. तिसऱ्या मेजावर नागपूरहून आलेल्या एक प्रौढ बाई अडकित्ते घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याशी माझे तासभर बोलणे झाले, आणि त्या तासाचा खर्च माझ्या पत्नीस अद्याप कळलेला नाही. चौथ्यावर हाडाच्या मुठींचे जुने चाकू होते. तेथील विक्रेता दर पाच मिनिटांनी "हड्डी है, हाथीदाँत नहीं" असे म्हणत असे. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद असल्यामुळे त्याचे हे पालुपद समजण्यासारखे होते.

याच चौथ्या मेजाशी मला काका भेटले. मी त्यांना काका म्हणतो; वय ऐंशीच्या घरात, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. तात्यापाऱ्यात त्यांचे जुने घर आहे. दोन मुले बाहेरदेशी, पत्नी पाच वर्षांपूर्वी गेलेली. मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात आमची तोंडओळख झाली होती. रायपुरात तीन पिढ्या काढलेल्या माणसाची मराठी ते बोलतात, नागपूरकडची आणि हिंदीचा हात धरून चालणारी. त्यांनी पिशवीतून रेशमी चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळ्या आबनुसाची बारीक मूठ, आणि तिला जडवलेले पिंपळाच्या पानासारखे, दोन्ही बाजूंना धार असलेले लहानसे टोकदार पाते. सगळे मिळून वीतभर लांबीही नव्हती.

"माझ्या पणजोबांची कट्यार आहे जी," काका म्हणाले. "बिंबाजी राजांच्या वेळची. कमरेत लपवून ठेवायची. आमच्या घरी पहिल्यापासून असंच सांगत आले."

त्यांच्या शेजारी बाहेरगावचे एक संग्राहक उभे होते. धिप्पाड, मितभाषी, मराठा काळातील शस्त्रांचे मोठे शोधक. बिंबाजींच्या दरबारातील वस्तू असेल आणि घराण्याकडून तसे लेखी मिळेल, तर चाळीस हजार रुपये द्यायला ते तयार होते. अशा निवेदनावाचून वस्तूला संग्रहात अर्थ राहत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. जुन्या वस्तूचा अर्धा जीव तिच्या इतिहासात असतो. साताऱ्यास २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे आली, तेव्हाही ती तीच का, हा प्रश्न निघाला होताच. आणि त्या संग्रहालयानेही निश्चित काही सांगता येत नाही असेच म्हटले होते.

काकांनी मला बाजूला घेतले. "तुम्ही ऑफिसात ड्राफ्ट लिहिता, नाही का? तेवढं इंग्रजीत चांगलं लिहून द्या ना जी. मी सही करतो." थोडे थांबून ते म्हणाले, "पाऊस आला की मागच्या दोन खोल्यांत बादल्या ठेवून राहिलो. पोरं पैसे पाठवतात, नाही असं नाही. पण मागायला जीभ वळत नाही."

निवेदन लिहावयाचे तर वस्तूचे वर्णन हवे, आणि वर्णन हवे तर वस्तू नीट पाहिली पाहिजे. मी खिशातील भिंग काढले. जवळच उभ्या असलेल्या एका उत्साही गृहस्थांनी पाते पॉलिश कागदाने घासून लखलखीत करण्याचा सल्ला दिला, आणि खिशातून कागद काढलाही. मी त्यांना नम्रपणे थांबवले. जुन्या पात्यावरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. तो त्याचा दाखला असतो, आणि एकदा घासला की कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. मी कापसाला किंचित तेल लावून पात्याची मुठीलगतची जागा पुसली. भिंगाखाली प्रथम एक चांदणी दिसली. मग एक माल्टाचा क्रूस. मग दोन इंग्रजी अक्षरे, व्ही आणि आर, आणि त्यांच्या मधोमध एक लहान मुकुट. त्याखाली झिजलेल्या ओळीत एक नाव.

हे नाव पात्यांच्या शौकिनास अपरिचित नसते. शेफील्ड येथील जोसेफ रॉजर्स आणि पुत्र यांची ती खूण. त्यांच्या चाकूंचा हिंदुस्थानात एवढा लौकिक होता की नकली रॉजर्सही पुष्कळ निघाले. हे पाते अस्सल की नकली, ते मी सांगू शकलो नसतो; पण आमच्या प्रश्नापुरता तो भेद निरर्थक होता. व्ही, मुकुट आणि आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली १८३७ साली. बिंबाजी १७८७ साली निवर्तले. अस्सल असो वा नकली, जन्मास न आलेल्या राणीची मुद्रा कोणी पात्यावर ठोकू शकत नाही.

आणि ती कट्यारही नव्हती. ते माझ्या ध्यानात खुणेच्या आधीच आले होते. कारण अगदी तशीच एक वस्तू, हाडाच्या मुठीची, माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती नागपूरच्या जुन्या बाजारात मला मिळाली. शाईची खरवडणी ती. जाड कागदावर बोरूने किंवा टाकाने लिहिताना चूक झाली, तर शाई वाळू द्यायची, या पानासारख्या पात्याने ती हलकेच खरवडून काढायची, आणि मुठीच्या गुळगुळीत टोकाने कागद घोटून सपाट करायचा, म्हणजे त्यावर पुन्हा लिहिता येते. विलायतेतील आणि इकडील कचेऱ्यांत एकेकाळी प्रत्येक लिहिणाराच्या मेजावर ती असे. ज्याला काकांच्या घराण्याने चार पिढ्या शस्त्र म्हणून पूजले, ते कारकुनाच्या मेजावरचे साहित्य होते.

मी भिंग हातात धरून उभा राहिलो. समोर चाळीस हजार रुपये होते आणि ते माझ्या एका वाक्यावर अवलंबून होते. मी मसुदा लिहून दिला असता तर त्यात माझी सही नसती. संग्राहक महाशय श्रीमंत दिसत होते; छप्पर गळके होते; आणि ऐंशी वर्षांच्या माणसाची एक आयुष्यभराची समजूत माझ्या बोटांत होती. ती तशीच राहिली तर कोणाचे काय बिघडणार होते? असे प्रश्न मनात येतात हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्या बाजूस ते संग्राहकही होते, आणि त्यांच्यामागे त्यांची नोंदवही, तिच्या आधारे उद्या कोणी लिहील तो लेख, आणि त्या लेखावर विश्वास ठेवणारा परवाचा वाचक. एका खोट्या नोंदीच्या पोटी पुढे किती नोंदी जन्मतात, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? शिवाय ज्याने भिंग घेतले त्याने दिसले ते सांगावे, एवढाच त्या भिंगाचा धर्म आहे.

पण सांगावे कसे, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला त्या वस्तूनेच दिले. सरकारी हिशेबात खरवडण्यास सक्त मनाई आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. नोंद चुकली तर ती एका रेघेने अशी छेदायची की मूळचे अक्षर वाचता येत राहील. वर बरोबर नोंद लिहायची आणि तारीख घालून आद्याक्षरे करायची. या नियमात मोठे शहाणपण आहे. खरवडलेल्या जागी पूर्वी काय होते ते कोणालाच कळत नाही. छेदलेल्या नोंदीत चूकही राहते आणि चूक करणाराही राहतो. काकांची समजूत खरवडून काढण्याचा मला अधिकार नव्हता. तिच्यावर एक रेघ ओढून शेजारी दुसरी नोंद लिहिणे एवढेच माझे काम होते.

मी काकांना खुर्चीवर बसवले आणि त्यांच्या हाती भिंग दिले. चांदणी, क्रूस, मुकुट, अक्षरे, सर्व त्यांनी स्वतः पाहिले. मग मी साल सांगितले, आणि ती वस्तू कशाची आहे तेही सांगितले. "यावरून तुमचे पूर्वज बिंबाजींच्या वेळी आले नव्हते असे ठरत नाही, काका," मी म्हणालो. "एवढेच ठरते की ही वस्तू त्या वेळची नाही. ती लिहिणाऱ्या माणसाची आहे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांचा अंगठा मुठीच्या गुळगुळीत टोकावरून फिरत होता. मग ते हळूच म्हणाले, "ही कलमदानात होती जी. दौतीच्या बाजूला. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, कट्यार कलमदानात कशाला ठेवली म्हणून. आजी म्हणाली, लपवायला." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले की नाही, ते मी सांगू शकत नाही. "पणजोबा रेल्वेत लिहायचे काम करायचे. बेंगॉल नागपूर लाईन नवी होती. अक्षर मोत्यासारखं होतं म्हणतात. ते कोणी सांगतच नव्हतं घरी. कट्यारीचंच सांगायचे."

संग्राहक महाशयांना काकांनीच बोलावले आणि काकांनीच सर्व सांगितले. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्या गृहस्थांनी भिंगातून पाहिले, मान डोलावली आणि शांतपणे म्हटले की घरी जाऊन त्यांनीही हे पाहिलेच असते, आणि तेव्हा ते अधिक वाईट झाले असते. खरवडणीचे म्हणून त्यांनी आठशे रुपये देऊ केले. काकांनी ते नाकारले. वस्तू पुन्हा रेशमी चिंधीत गेली.

घरी आल्यावर मी ही हकीकत पत्नीस सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आज एकोणचाळीस हजार दोनशे रुपयांचे एक वाक्य बोललात." तिचा हिशेब बरोबर होता. तो माझ्या मनातून अजूनही गेलेला नाही आणि जावा असे मला वाटतही नाही. सत्य सांगण्याची किंमत पुष्कळदा सांगणाऱ्याला पडत नाही, ऐकणाऱ्याला पडते. ती कोणाला पडली हे सांगणाऱ्याने विसरू नये.

तेव्हापासून एक विचार मात्र मनात घर करून आहे. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना पूर्वजांच्या हातात तलवार पाहण्याची फार हौस. रघूजींच्या फिरंगीपुढे मान लवावी हे योग्यच आहे. पण त्या फौजेमागून जे आले, ज्यांनी जमाखर्च ठेवले, मोडीत पत्रे लिहिली, सारा बसवला, आणि राज्ये गेल्यावरही ज्यांच्या नातवंडा-पतवंडांनी इंग्रजांच्या, रेल्वेच्या आणि पुढे आपल्या सरकारच्या कचेऱ्यांत लेखणी चालवली, त्यांची वस्तू कोणत्या लिलावात निघते? पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडले तर मराठ्यांचा कारभार आज आपल्याला दिसला तरी असता का? ते रुमाल ज्यांनी लिहिले त्यांच्या कमरेला बहुधा काही नसे. कानावर बोरू असे. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, पुढल्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचा जामदारखाना लिलावात गेला. लेखणी कोणी लिलावात काढली नाही. ती राहिली, आणि तिने रायपूरपर्यंत रुळांबरोबर प्रवास केला. काकांचे पणजोबा तिच्यासोबत आले. मीही तसाच आलो आहे, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण तसेच कोठेतरी गेले आहेत.

त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. सोने देण्यासाठी मी तात्यापाऱ्यात गेलो. मागच्या खोल्यांच्या छपरावर ताडपत्री ताणली होती. कायमचे काम अद्याप व्हायचे होते. देवघरापुढील पाटावर शस्त्रपूजा मांडली होती. विळी, कातर, काकांचे जुने फाउंटन पेन, आणि मधोमध झेंडूच्या फुलात ती खरवडणी. काकांनी माझ्याकडे एक कोरे कार्ड सरकवले. "वस्तूबरोबर ठेवायला एक चिठ्ठी लिहून द्या," ते म्हणाले. "पोरं येतील कधीतरी. त्यांना कळायला पाहिजे. आणि मराठीत लिहा जी."

मी लिहून दिले: 'शाईची खरवडणी. पोलादी पाते, आबनुसाची मूठ. पात्यावर शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि पुत्र यांची खूण व व्हिक्टोरिया राणीची मुद्रा. सबब १८३७ नंतरची. घराण्यात ही बिंबाजी भोसले यांच्या काळची कट्यार असल्याचा समज होता. पणजोबांच्या कलमदानात होती. ते रेल्वेत लेखक होते, अक्षर सुंदर.'

काकांनी ते दोनदा वाचले. मग 'समज होता' या शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या पेनने तारीख घातली आणि आपली आद्याक्षरे केली.